नमुना क्रमांक एक

सुदर्शन हावळचा राजीनामा अकरा महिने तयार होता. लॅपटॉपमधल्या 'घरचे कागद' नावाच्या फोल्डरमध्ये, गॅसच्या जोडणीचा अर्ज आणि मुलीच्या लसीकरणाचा तक्ता यांच्या मधोमध तो पडून होता. दर पंधरा-वीस दिवसांनी सुदर्शन तो उघडायचा, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचा आणि पुन्हा मिटायचा. मजकूर होता चार ओळींचा, पण लोक लग्नपत्रिकेवरसुद्धा घेत नाहीत एवढी मेहनत त्यावर झाली होती.

बरं, नोकरी सोडावी असा जाच तरी होता का? मुळीच नाही. बावधनच्या टेकडीला लागून असलेल्या 'भूश्रुती' कंपनीत तो एकवीस वर्षं होता. तो आला तेव्हा अकरा माणसं होती, आता नऊशे झाली होती. कंपनीची बस सोसायटीच्या फाटकाशी थांबायची. कँटीनवाला दर बुधवारी त्याचं थालीपीठ वेगळं, कमी तिखटाचं लावायचा. पाठ धरते म्हणून खास त्याच्या मापाची खुर्ची आली होती. पंचविशीतली पोरं कुठलाही बदल करण्याआधी एकमेकांना म्हणायची, "थांब, सुदर्शन सरांना विचारू." सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर चटकन सांगता आलं नसतं.

कंपनीचा धंदा होता ऐकण्याचा. रस्त्याखालून इंटरनेटच्या ज्या तारा जातात, त्यांत केसाएवढा बारीक काचेचा धागा असतो. त्याच्या एका टोकातून प्रकाशाचा छोटासा झोत सोडला की बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो, पण काच कितीही निर्मळ असली तरी थोडासा प्रकाश जागोजागी मागे परततो. परतायला किती वेळ लागला यावरून तो कुठून आला हे कळतं. आता जमीन जराशी हलली की त्या ठिकाणचा धागा अगदी किंचित ताणला जातो आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. सेकंदाला हजार झोत सोडले, तर तारेचा मीटर न् मीटर कान होतो. नवीन काही पुरायला नको, खोदकाम नको. असलेल्या तारेच्या टोकाला शिवणयंत्राएवढी एक पेटी बसवली की चाळीस किलोमीटरपर्यंतची जमीन ऐकू येते.

सुरुवातीला ते पाण्याची गळती ऐकायचे. फुटलेल्या नळातून पाणी निसटताना जमिनीत एक बारीक सुरसुर होते, ती पेटीला कळायची. नव्या गावात काम सुरू करताना कंपनीची एक पद्धत होती. तारेचा पहिला मीटर नकाशावर नेमका कुठे येतो हे ठरवायला तिथे जमिनीवर काहीतरी आपटावं लागतं. इतर कंपन्या हातोडा मारत. भूश्रुतीची माणसं पहिल्या चेंबरच्या झाकणावर नारळ फोडत. देवाचंही होऊन जायचं आणि यंत्राचंही.

सुदर्शनचं गाव कोष्टीपेठ, सगळं मागांचं गाव. तिथे ही पेटी चालेना. हजारो माग दिवसभर खडखडत असल्यामुळे जमीन एकसारखी थरथरायची आणि त्या थरथरीत पाण्याची सुरसुर बुडून जायची. मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी हात टेकले. सुदर्शनला मात्र तो आवाज वजा करायची लहानपणापासून सवय होती.

त्याचं सगळं बालपण मागाच्या शेडमागच्या एका खोलीत गेलं होतं. आईवडील दोघंही मागावर. त्याला वाढवलं ते सहा वर्षांनी मोठ्या उज्ज्वलाने, म्हणजे आक्काने. आक्काला तान्हेपणी पोलिओ झाला होता. तिचा उजवा पाय ठाम पडायचा आणि डावा जरा उशिरा, घासत यायचा. कितीही माग चालू असोत, सुदर्शनला बोळाच्या तोंडाशी आलेलं तिचं पाऊल ऐकू यायचं. गोट्या खिशात जायच्या, पुस्तक हातात यायचं आणि आक्का दारात आली की भाऊ अभ्यास करताना दिसायचा. तिला हे कोडं बरीच वर्षं सुटलं नाही. त्याने कॉलेजात गेल्यावर ते सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "म्हंजे मी तुझ्या अभ्यासाची घंटा होतो व्हय रे?"

कोष्टीपेठेतल्या बायका स्वतःबद्दल बोलताना बाप्यांसारखं 'येतो-जातो' म्हणतात. सुदर्शनची बायको स्नेहल पुण्याची. लग्नानंतर वर्षभर तिला याचं हसू आवरायचं नाही.

तर मागांचा ठेका वजा करण्याचं गणित सुदर्शनने बसवलं. ते बरोबर आहे की नाही हे तपासायला एक खात्रीचा आवाज हवा होता, जो यंत्राने गर्दीतून वेचून दाखवावा. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. सोळा वर्षांपूर्वी, कोष्टीपेठेत पेटी बसवली त्या दिवशी, त्याने पहिल्या चेंबरवर आक्काच्या हातून नारळ फोडवला आणि तिला पेठेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. नवं लुगडं नेसून, सगळ्या गावादेखत, आक्का चालली. पडद्यावर हजारो मागांच्या धुरळ्यातून एक ठाम ठिपका आणि एक घासलेली रेघ, पुन्हा ठिपका, पुन्हा रेघ, अशी ओळ उमटत गेली. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्राने ओळखलेलं ते पहिलं माणसाचं पाऊल. यादीत त्याची नोंद झाली: नमुना क्रमांक एक.

त्या वर्षी कोष्टीपेठेतल्या तीनशे गळत्या सापडल्या. आठवड्याने येणारं पाणी दिवसाआड यायला लागलं. आक्का नळावर सगळ्यांना सांगायची, "आमच्या सुदानं काढलंय हे."

पण जे यंत्र एक पाऊल ओळखतं ते सगळी ओळखू शकतं. माणूस चप्पल बदलतो, पण टाच किती जोरात टेकते, दोन पावलांत किती वेळ जातो, भार कुठल्या बाजूला झुकतो, हे सहसा बदलत नाही. सुरुवातीला हेही चांगल्यासाठीच होतं. कुणी म्हातारं माणूस रस्त्यात पडलं तर कळावं, चुकलेलं मूल सापडावं. मग एका कारखान्याने विचारलं, आमच्या फाटकाखालूनही तार जाते, आम्हाला काही मिळेल का? फाटकावर हजेरीचं यंत्र होतं. अमुक मिनिटाला अमुक बाईने अंगठा लावला आणि त्याच मिनिटाला फाटकाखालून अमुक पाऊल गेलं, असं पंधरा दिवस जुळवलं की पावलाला नाव मिळतं. त्यानंतर ते पाऊल गावात कुठेही जावो, यंत्र त्याला नावाने ओळखतं. अकरा महिन्यांपूर्वी कोष्टीपेठेच्या कारखानदारांनी ही 'औद्योगिक सुरक्षा सेवा' घेतली. त्याच संध्याकाळी सुदर्शनने राजीनामा लिहिला.

पाठवला मात्र नाही. मुलगी बारावीत होती हे एक कारण. पण खरं कारण तो स्वतःला सांगायचा ते असं, की आपण आत आहोत म्हणून थोडा तरी धरबंध आहे. आपण गेलो तर हे लोक काय करतील कुणी सांगावं. हे अगदीच खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच ते सोयीचं होतं.

मार्चमधल्या एका बुधवारी कोष्टीपेठेचा मासिक अहवाल तपासणीसाठी त्याच्याकडे आला. चौथ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'अनियमित जमाव. पावले चौदा. ठिकाण: गल्ली क्रमांक सात.' नकाशावर त्याने गल्ली मोठी करून पाहिली; सगळी पावलं एकाच घराशी थांबली होती. ते घर मालनचं होतं.

मालन आणि आक्का एकाच टेबलावर तीस वर्षं मेंडिंगचं काम करत होत्या. मागावरून आलेलं कापड उजेडात धरायचं, सुताची तुटलेली तार शोधायची आणि सुईने ती अशी भरायची की कुणाला कळू नये. यंत्रं कितीही आली तरी हे काम बायकांच्याच हातात राहिलं होतं. आणि ते दहा तास उभ्याने करावं लागायचं. महिन्यापूर्वीच आक्का फोनवर म्हणाली होती, "स्टूल मागणार हाय आम्ही. बसून बी भोक दिसतंय की. सगळ्याजणींच्या सह्या घ्यायला लागलोय." तो हसून "घ्या, घ्या" म्हणाला होता.

अहवालात सगळं होतं. नमुना क्रमांक एक आठवडाभर संध्याकाळी घरोघर गेला होता. कुठल्या दारात किती मिनिटं थांबला तेही होतं. मग सुट्टीच्या दुपारी ती सगळी घरं चालत मालनकडे आली होती. तेरा जणींची नावं आणि सगळ्यांत वर उज्ज्वला हावळ.

सुदर्शनने ते पान पुन्हा एकदा वरपासून वाचलं. अहवाल अडवणं त्याच्या हातात नव्हतं, निदान त्याला तसं वाटलं. पण एक गोष्ट हातात होती. 'नमुना क्रमांक एक हा चाचणीचा नमुना आहे, अहवालातून वगळावा,' अशी एक ओळ त्याने यंत्राच्या नियमांत घातली. कागदोपत्री ते खरंही होतं. चौदाचे तेरा झाले. त्याने खाली सही केली आणि तो जेवायला गेला. थालीपीठ होतं. त्याने दोन खाल्ली, आणि आपण आत राहिलो ते किती बरं झालं असंही त्याच्या मनात आलं.

पुढे दहा दिवस आक्काचा फोन आला नाही. त्याने केला तर "बरं हाय" एवढंच म्हणून तिने ठेवून दिला. रविवारी तो सकाळच्या गाडीने कोष्टीपेठेला गेला. जाताना नेहमीचा स्टीलचा डबा बाकरवडीने भरून घेतला. दर खेपेला तो डबा भरून न्यायचा आणि परतताना आक्का त्यात लसणाची चटणी दाबून भरून द्यायची. असं वीस वर्षं चाललं होतं.

आक्का उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. पेठेत सुट्टीची वर्दळ होती, पण समोरच्या नळावरच्या बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांतली एक पूर्वी सुदर्शनला बघून "आला व्हय पुण्याचा सायेब" म्हणायची. तिने कळशी उचलली आणि ती न बोलता गेली.

आत कट्ट्यावर एक पितळेची वाटी पालथी घातलेली होती. आक्काने तिच्याकडे बोट केलं. "मालननं धाडली. तिच्या नातवाच्या हाती. मी विरजण दिलतो तिला त्यातनं."

"मग?"

"रिकामी धाडली, सुदा. धुऊन, पुसून, रिकामी."

भांडं कुणी रिकामं परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आक्का आणि मालन यांच्यात वाट्या, डबे, पातेली तीस वर्षं फिरत होती आणि कुठलं भांडं मुळात कुणाचं हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"तेराजणींचं काम बंद केलंय," आक्का म्हणाली. "मालकानं एकेकीचं नाव वाचलं. कोण कुणाच्या घरी गेली, किती वाजता गेली, सगळं. मी वाट बघतोय, आता माझं येईल, मग येईल. आलंच न्हाई. मलाच तेवढं म्हटला, उज्ज्वलाबाई, तुम्ही जावा टेबलाकडं." तिने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "आता तूच सांग. चौदाजणी बसलेलो. तेराजणी गेल्या आणि मी राहिलो. त्यांच्या जागी मी असतो तर मी बी हेच म्हटलो असतो."

सुदर्शनला बसवेना. बायकांनी तिला फितूर ठरवलं होतं आणि ते त्याच्यामुळे झालं होतं. तिला वाचवायला गेला तो आणि गावातून तिला उठवून बसला. हे आत्ता कळल्यावरही, पहिला विचार त्याच्या मनात आला तो गप्प राहण्याचा. काही सांगितलं नाही तर तिला कधीच कळणार नाही. बायकांचा राग वर्ष-सहा महिन्यांत निवळेल. तो विचार साधारण तांदळाच्या दोन मुठी निवडून होईपर्यंत टिकला. मग त्याची त्यालाच शिसारी आली.

"आक्का, ते मी केलं," तो म्हणाला.

सांगायला वेळ लागला. काचेचा धागा, प्रकाश, फाटकावरचा अंगठा. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. माग वजा करून पाऊल कसं ऐकतात हे त्याने सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"त्या दिवशी मला चालाय लावलास, नारळ फोडून. ते यासाठी?"

"तेव्हा पाण्यासाठी होतं आक्का. खरंच पाण्यासाठी होतं."

"मी कसं चालतो ते तू शिकवलास त्यांना."

जगात ते पाऊल ओळखणारा तो एकटा होता आणि त्याने ते यंत्राला देऊन टाकलं होतं.

"लहानपणी पोरं माझ्या चालण्याची नक्कल करायची," आक्का म्हणाली. "तू त्यास्नी दगडं मारायचास." तिचा आवाज चढला नव्हता. तिने सूप बाजूला सारलं. "आता माझं ऐक. ते माझं नाव जे काढलायस ते परत घाल."

"आक्का, तुझं काम जाईल."

"घाल."

"मी बायकांना येऊन सांगतो सगळं. माझी चूक आहे म्हणून सांगतो. तुझं काम कशाला घालवायचं?"

"त्या कशा विश्वास ठेवतील? माझा भाऊ, माझ्याकडनंच बोलणार. माझं नाव यादीत आलं की मग त्यास्नी सांग." ती उठली, भिंतीला धरून. "घाल नाव. आणि मग ये. तोवर नको येऊस."

त्या दिवशी तो लवकर निघाला. डबा तसाच आक्काच्या कट्ट्यावर राहिला, आणि कुणालाच त्याची आठवण झाली नाही.

स्नेहलने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची, तिला गोलगोल बोलणं जमत नसे. "आत राहण्याची तुझी कारणं मी अकरा महिने ऐकतेय," ती म्हणाली. "आत राहून तू काय केलंस ते आज पहिल्यांदा ऐकलं. घर कसंही चालवू आपण. पण आक्कांचं नाव परत घालायचं म्हणजे, सुदर्शन, तुला जमेल का ते?"

सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याने ती ओळ काढून टाकली. एक कळ दाबण्याचं काम. सुधारलेला अहवाल आपोआप कारखानदारांकडे गेला. नकाशावर नमुना क्रमांक एक पुन्हा उमटला: ठाम ठिपका, घासलेली रेघ. ती सातव्या गल्लीच्या तोंडाशी होती, कामाला निघालेली. पुढच्या चेंबरपर्यंत त्याने तिला जाऊ दिलं आणि पडदा बंद केला. ज्या बहिणीने मेंडिंगच्या टेबलाशी उभं राहून त्याला शिकवलं, तिचं काम त्याने स्वतःच्या बोटाने घालवलं होतं. आपल्याला शिक्षा झाली तर बरं वाटेल असं त्याला वाटत होतं, पण तीही त्याच्या वाट्याला न येता तिच्याच वाट्याला गेली होती.

मग त्याने 'घरचे कागद' उघडलं आणि ती चार ओळींची प्रत छापून निरंजन सरांकडे नेली.

निरंजन सर कंपनीचे मालक. एकेकाळी दोघांनी मिळून भर उन्हात चेंबरची झाकणं उचलली होती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. सुदर्शनने ओळ घातल्याचं आणि काढल्याचं दोन्ही सांगून टाकलं.

"हे तू मला सांगायला नको होतंस," सर म्हणाले. "आता मला काहीतरी करावं लागेल." मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "मी ते ऐकलं नाही असं समजू. पण एक विचार कर. तू गेल्यावर त्या खुर्चीवर जो येईल, त्याची बहीण कोष्टीपेठेत नसेल. त्याला एकही नाव काढावंसं वाटणार नाही. तुझ्या जाण्याने त्या बायकांचं काय भलं होणार आहे?"

"काहीच नाही, सर."

"मग राहा. मी कारखानदारांशी बोलतो. सेवेत काही अटी घालू. तू लिही त्या अटी."

हेच तर त्याला इतके महिने हवं होतं. माणूस मनापासून बोलत होता, म्हणून आणखी अवघड झालं. खिडकीतून टेकडी दिसत होती आणि खाली कँटीनसमोर पोरं चहा घेत उभी होती. राहतो म्हणावं एवढा मोह त्याला त्या क्षणी झाला.

"मी राहिलो तर अटी छान लिहीन, सर," तो म्हणाला. "आणि मग पुढची एकवीस वर्षंही राहीन."

बुधवारी त्याला निरोप दिला. केक होता, शाल होती. कँटीनवाल्याने थालीपीठ बांधून दिलं, ते त्याने बसमध्ये शेजारच्याला दिलं.

शुक्रवारी दुपारी मालनच्या खोलीत चौदाजणी बसल्या. आक्काचं काम बुधवारीच गेलं होतं. ती दाराशी बसली होती, सगळ्यांत नव्हे आणि वेगळीही नव्हे. सुदर्शन मधोमध उभा राहून बोलला. यादी कशी तयार झाली, आक्काचं नाव त्यातून एका ओळीने कसं गळलं, कुणीही फितूर झालेलं नाही, पाण्यासाठी बसवलेल्या तारेने हे केलं, आणि ते त्याने शिकवलेलं होतं. त्याने सगळं लिहून, सही करून आणलं होतं. कोर्टात जायचं असेल तर साक्षीला मी येतो, म्हणाला.

मग मालनने विचारलं, "म्हंजे उज्ज्वलाचं नाव तू पुसलास."

"हो."

"एका ओळीत पुसता येतंय?"

"हो, मावशी."

"मग आमचं का न्हाई पुसलास?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सुदर्शनने तोंड उघडलं. नियमात बसलं नसतं, पकडलं गेलं असतं, अहवाल अडवणं हातात नव्हतं, अशी तीन-चार उत्तरं तयार होती. पण त्या बुधवारी यांतलं काहीही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने तेरा नावं वाचली होती, त्यांतल्या निम्म्या बायकांच्या हातचं तो लहानपणी जेवला होता, आणि तरी.

"सुचलंच नाही," तो म्हणाला.

कोपऱ्यातली एक तरुण बाई खाली मान घालून म्हणाली, "आमचा बी एकेक भाऊ पायजे होता तिथं नोकरीला." कुणी हसलं नाही. मालनने सही केलेला कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवला. मग ती दारापर्यंत गेली आणि आक्काला म्हणाली, "आत सरकून बस की. दारात काय बसलीयास." आक्का सरकून बसली. पुढचं बोलणं स्टुलांचं आणि वकिलाचं होतं. सुदर्शनला कुणी जा म्हटलं नाही, पण थांब असंही म्हटलं नाही. तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत निघाला. आक्काने चहा दिला, पोहे दिले, मुलीच्या परीक्षेचं विचारलं. "स्नेहलला सांग, काळजी करू नको म्हणावं," म्हणाली. मग आत जाऊन तिने डबा आणून त्याच्या पिशवीत ठेवला, आणि तो वाकला तेव्हा नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. बाहेरून मालनची हाक आली तशी ती चपला घालून निघालीसुद्धा. बोळातून दोन पावलं गेली, एक सरळ आणि एक घासत येणारं. माग चालू होते, तरी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला ते ऐकू आलं.

गाडीत बसल्यावर त्याने पिशवी मांडीवर घेतली. डबा हलका लागला. त्याने झाकण उघडलं. डबा धुतलेला होता, पुसलेला होता आणि रिकामा होता.